रफूच्या लोकरीची ‘कोळंबी’

गळाला कणकेची गोळी नाही तर गांडूळ लावायचं, एवढं आपल्याला ठाऊक असतं. इंग्लंडमध्ये ट्राउट मासा पकडणारे बरेच हौशी मात्र गळाला खरं खाद्य लावतच नाहीत. पिसं आणि धागे गुंडाळून ते खोटा किडा बनवतात. यालाच म्हणायचं फ्लाय फिशिंग. या छंदापायी पैसा ओतणारे पुष्कळ. पण त्यातलं एक गाजलेलं आमिष तयार झालं ते चक्क मोजे रफू करायच्या लोकरीतून!

ते बनवणारे फ्रँक सॉयर विल्टशर परगण्यात एव्हन नदीचे राखणदार होते. नदीत ग्रेलिंग जातीचे मासे माजले होते. ट्राउटच्या तोंडचा घास ते पळवतात, असा त्या काळच्या राखणदारांचा ग्रह. ग्रेलिंग कमी करायला सॉयरना झटपट बनणारं आमिष हवं होतं. त्यांनी नक्कल केली गॅमरस नावाच्या एका चिमुकल्या जिवाची.

तिकडचे लोक गॅमरसला गोड्या पाण्यातली कोळंबी म्हणतात. खरं तर तो कोळंबीचा लांबचा भाऊबंद. लांबी फार तर दोन सेंटिमीटर, अंग दोन्ही बाजूंनी चेपलेलं, पाठीला बाक आणि पोहणं कुशीवर! एव्हनचं पाणी खडूच्या खडकांतून झिरपून येतं. त्यात चुना भरपूर, आणि कवचासाठी या जिवाला तोच हवा असतो. उडत्या किड्यांचा हंगाम संपतो, गॅमरस मात्र ट्राउटला बारा महिने मिळतो. ट्राउटचं मांस गुलाबी होतं तेही अशाच कवचधारी जिवांतल्या रंगद्रव्यामुळे.

सॉयरची कृती अगदी सोपी. गळावर तांब्याची बारीक तार गुंडाळायची, तिच्यावर लोकर, की झालं काम. लोकर मात्र चॅडविकची, ४७७ क्रमांकाचीच. कोरडी असताना ती फिकट बदामी दिसते, भिजली की गुलाबीसर झाक मारते. तारेच्या वजनाने आमिष तळाकडे जातं. मासा जवळ आला की काठी हलकेच उचलायची. ‘कोळंबी’ पळू लागलीसं वाटून मासा झडप घालतो. या आमिषाचं नाव पडलं ‘किलर बग’. ग्रेलिंगसाठी केलेल्या या आमिषाला पुढे ट्राउटही भुलू लागले.

काही हौशी अशा आमिषावर नारिंगी ठिपकाही देतात. तो नुसता शोभेचा नव्हे. गॅमरसच्या पोटात एक परजीवी कृमी वाढतो आणि कवचातून नारिंगी दिसतो. त्या कृमीला पुढच्या वाढीसाठी माशाचं आतडं लागतं. म्हणून की काय, एरवी दगडाखाली दडणारा गॅमरस कृमी पोटात शिरला की उजेडाकडे जाऊ लागतो आणि आयताच माशाच्या तोंडी पडतो!

सॉयर १९८० मध्ये एव्हनच्याच काठी वारले. पुढे फाटके मोजे रफू करणंच मागे पडलं आणि ४७७ क्रमांकाची लोकर बाजारातून गेली. उरल्यासुरल्या लोकरीला हौशी मंडळी भलती किंमत मोजतात. पर्यायी लोकरी मिळतात, पण त्या कोरड्या बघून घेण्यात अर्थ नाही. तांब्याच्या तारेवर गुंडाळून, पाण्यात बुडवून मगच रंग पाहायचा.