सल्ला आणि आदेश

१२ जून २०२५ रोजी दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर अवघ्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. विमान पडले ते बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या इमारतींवर. वेळ जेवणाची होती आणि मेसमध्ये मुले ताटावर बसली होती. ज्यांनी तरुणपणाची काही वर्षे अशा मेसमध्ये काढली आहेत, त्या माझ्यासारख्या डॉक्टरांना ती छायाचित्रे पाहवत नव्हती.

बरोबर महिन्याने, १२ जुलैला, विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'चालू'वरून 'बंद'वर गेले, असे त्यात नोंदवले होते. ते कसे गेले, हे त्या अहवालाने सांगितलेले नाही आणि त्याबद्दल तर्क लढवण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. शवविच्छेदनाचा अहवाल हाती येण्याआधी मृत्यूचे कारण सांगू नये, हे आम्ही पहिल्या काही वर्षांतच शिकतो.

पण त्या अहवालातल्या एका छोट्या परिच्छेदाने माझे लक्ष वेधले. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, १७ डिसेंबर २०१८ रोजी या प्रकारच्या स्विचबद्दल एक माहितीपत्रक काढले होते. हा स्विच चुकून सरकू नये म्हणून त्याला एक खाच असते. तो आधी वर उचलावा लागतो, मगच हलतो. काही बोइंग ७३७ विमानांत ही अडसर-व्यवस्था निष्क्रिय अवस्थेत बसवलेली आढळली होती. ७८७ मधील स्विचची रचनाही तशीच असल्याने तपासणी करावी, असे पत्रकात सुचवले होते. एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती. कारण काय, तर पत्रक सल्लावजा होते, बंधनकारक नव्हते.

येथे गैरसमज नको. हा प्रकार विमानासाठी धोकादायक ठरत नाही, असे एफएएचेच मत होते. म्हणून तर आदेश निघाला नाही. नियमाच्या चौकटीत पाहिले तर कंपनीने काही मोडले नव्हते. अपघातानंतर १४ जुलैला आपल्या डीजीसीएने २१ जुलैपर्यंत ही तपासणी पूर्ण करण्याचा आदेश काढला. एअर इंडियाने आपल्या ७३७ आणि ७८७ विमानांतील स्विच तपासले आणि दोष आढळला नाही, असे जाहीर केले. तेव्हा या अपघाताचा आणि त्या पत्रकाचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. मला बोलायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. जी तपासणी साडेसहा वर्षे झाली नाही, ती आदेश निघाल्यावर एका आठवड्यात झाली.

विमानात दोष सापडला की त्याची सूचना साधारण दोन प्रकारांनी पोहोचते. पहिला प्रकार सल्ल्याचा. निर्माता कंपनी 'सर्व्हिस बुलेटिन' काढते किंवा नियामक माहितीपत्रक पाठवतो: अमुक भाग तपासा, तमुक बदला. दुसरा प्रकार उड्डाणयोग्यता आदेशाचा, ज्याला इंग्रजीत 'एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह' म्हणतात. एका विमानात असुरक्षित दोष आढळला आणि त्याच रचनेच्या इतर विमानांतही तो असण्याची किंवा पुढे निर्माण होण्याची शक्यता असली, की हा आदेश निघतो. त्याला कायद्याचे बळ असते. किती दिवसांत किंवा किती उड्डाणांच्या आत काम व्हावे, हे त्यात लिहिलेले असते. मुदत टळली की विमान जमिनीवर. ज्या देशात विमानाची रचना झाली, तेथील नियामकाचे असे आदेश भारतातही बंधनकारक असतात.

मग सगळ्याच सूचनांना आदेश का म्हणू नये? कारण तेही शहाणपणाचे नाही. वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर 'तातडीचे' असे लिहिले, तर खरोखरच तातडी असलेला रुग्ण त्या गर्दीत हरवतो. विमान क्षेत्राने ही वर्गवारी विचारपूर्वक केली आहे. कोणती उपकरणे बंद असताना विमान उडू शकते, याची प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी मान्यताप्राप्त यादी असते. त्यातही दोषानुसार दुरुस्तीची मुदत ठरलेली असते: काहींना ३ दिवस, काहींना १०, काहींना १२०. 'बघू, जमेल तेव्हा करू' याला तेथे जागा नाही. अडचण येते ती या वर्गवारीतच चूक झाली तर. धोका आदेशाच्या योग्यतेचा असतो आणि त्यावर सल्ल्याचा शिक्का बसतो, तेव्हा काय होते, याचे उदाहरण पन्नास वर्षांहून जुने आहे.

१२ जून १९७२. अमेरिकन एअरलाइन्सचे डीसी-१० विमान डेट्रॉइटहून निघाले आणि कॅनडातील विंडसर शहरावर असताना त्याच्या मागच्या सामानकक्षाचा दरवाजा उडून गेला. उंचावर बाहेरची हवा विरळ असते, म्हणून प्रवासी कक्षात हवा दाबाखाली ठेवावी लागते. विमानाचे बरेच दरवाजे बाटलीच्या बुचासारखे आतून दाबाने घट्ट बसतात. या सामानकक्षाचा दरवाजा मात्र बाहेरच्या बाजूला उघडत होता. त्यामुळे सगळा भार त्याच्या कड्यांवर होता. पोटातला दाब जसा भिंतीतली कमकुवत जागा शोधून हर्निया बाहेर काढतो, तसेच हे. कड्या पूर्ण बसल्या नसल्या तरी बाहेरची मूठ जोर लावून खाली ओढता येत होती. त्या दिवशी सामान भरणाऱ्या कामगाराने गुडघ्याने रेटून ती बसवली होती. दरवाजा गेल्यावर सामानकक्षातला दाब एकदम उतरला, वरच्या प्रवासी कक्षाची जमीन खचली आणि तिच्यातून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा निकामी झाल्या. वैमानिकाच्या कौशल्यामुळे सर्व ६७ जण वाचले.

म्हणजे आजाराचे निदान झाले होते आणि रुग्णही जिवंत होता. डॉक्टरला याहून चांगली संधी मिळत नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने दोन शिफारशी केल्या. कड्या पूर्ण बसल्याशिवाय दरवाजा बंदच होणार नाही अशी रचना करा. आणि जमीन खचू नये म्हणून दोन कक्षांमध्ये हवा जायला वाटा ठेवा. एफएएच्या स्थानिक कार्यालयात आदेशाची तयारीही सुरू झाली. पण एफएएचे प्रमुख आणि निर्मात्या कंपनीचे प्रमुख यांच्यात दूरध्वनीवर बोलणे झाले आणि आदेशाऐवजी कंपनीने बुलेटिन काढून काम करून घ्यावे, असे ठरले. इतिहासात हा 'सभ्य माणसांचा करार' म्हणून ओळखला जातो. विमानाचा सांगाडा बनवणाऱ्या कंपनीतील डॅन ॲपलगेट या अभियंत्याने त्याच महिन्यात आपल्या वरिष्ठांना लेखी कळवले होते, की असे दरवाजे पुन्हा उघडतील आणि त्यात एखादे विमान जाईल. ते टिपण कंपनीबाहेर गेले नाही.

३ मार्च १९७४ रोजी टर्किश एअरलाइन्सचे डीसी-१० पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लंडनकडे निघाले. तोच दरवाजा, तेच खचणे, त्याच तारा. सव्वा मिनिटात विमान एर्मनोंव्हिलच्या जंगलात आदळले. ३४६ माणसे गेली.

तपासात जे निघाले ते सरकारी रुग्णालयात आयुष्य काढलेल्या माणसाला फार ओळखीचे वाटते. या विमानाच्या दरवाजाला आधारपट्टी बसवल्याची नोंद कारखान्याच्या कागदपत्रांत होती, तिच्यावर तपासनिसांचे शिक्केही होते. पट्टी मात्र बसवलेलीच नव्हती. कड्या बसल्या की नाही हे पाहण्यासाठी दरवाजाला छोटी काच बसवलेली होती. तिच्याजवळची सूचना इंग्रजी आणि तुर्की भाषेत होती. दरवाजा बंद करणाऱ्या कामगाराला या दोन्ही भाषा येत नव्हत्या आणि काचेतून पाहण्याची जबाबदारीही त्याच्यावर सोपवलेली नव्हती. या अपघातानंतर मात्र दरवाजातील बदल सक्तीचे झाले आणि १९७५ मध्ये मोठ्या विमानांची जमीन दाबातील फरकाला टिकेल असे बदल करण्याचा आदेश निघाला. तीन वर्षांपूर्वी सुचवलेलाच उपाय होता तो.

आदेश वेळेवर निघाला तर काय होते, हे आपल्याकडच्या अनेक प्रवाशांनी नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस अनुभवले. ३० ऑक्टोबरला जेटब्लू कंपनीच्या एअरबस ए३२० विमानाने उडता उडता अचानक नाक खाली केले आणि काही प्रवासी जखमी झाले. तीव्र सौरकिरणांमुळे नियंत्रण संगणकातील माहिती बिघडू शकते, असा निष्कर्ष एअरबसने काढला. २८ नोव्हेंबरला युरोपीय नियामकाचा तातडीचा आदेश निघाला: आधी दुरुस्ती, मग उड्डाण. जगभरात सुमारे ६,००० आणि भारतात तीनशेहून अधिक विमाने त्यात आली. उड्डाणे खोळंबली, काही रद्द झाली, लोक वैतागले. पण दोन-तीन दिवसांत बहुतेक काम उरकले. तेथे कोणी गेले नाही, त्यामुळे त्या आदेशाची आठवणही फार दिवस राहणार नाही. लसीकरणाचेही असेच असते. जो आजार झालाच नाही, त्याबद्दल कोणी आभार मानत नाही.

तरीही केवळ आदेशाने भागते असे मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका वॉर्डात हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र ऐनवेळी सुरू झाले नाही. बॅटरी मेलेली होती. शेजारच्या वॉर्डातले यंत्र धावत आणले आणि सुदैवाने रुग्ण वाचला. नंतर मी तपासणीची वही उघडली. रोज तपासणी करण्याचा आदेश होता, आणि महिन्याच्या प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण होती. त्यात अजून न उजाडलेल्या दोन तारखाही होत्या! खूण करणाऱ्या सिस्टरला मी रागावलो नाही. तिच्याकडे त्या पाळीत पन्नासावर रुग्ण होते आणि यंत्र तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे तिला आम्ही कधी दाखवलेच नव्हते. शिक्का मारणारा हात आणि पाना फिरवणारा हात यांची गाठ पडली नाही, तर आदेशाचाही सल्लाच होतो.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात असे मला वाटते. पहिली, सल्लावजा सूचना नाकारण्याची मुभा कंपनीला असावी, पण गप्प राहण्याची नसावी. 'ही तपासणी आम्ही अमुक कारणासाठी करत नाही' असे जबाबदार अभियंत्याच्या सहीने लेखी असावे आणि ते डीजीसीएने पाहावे. उपचार न करण्याचा निर्णय आम्हीही घेतो. पण तो कारणासह केसपेपरवर लिहावा लागतो. दुसरी, काम झाल्याची खात्री कागदावरून न करता विमानापाशी जाऊन, अचानक, काही नमुन्यांत तरी व्हावी. त्यासाठी नियामकाकडे पुरेशी आणि जाणकार माणसे हवीत. रिकाम्या खुर्च्या तपासणी करत नाहीत. तिसरी, दोष सांगणाऱ्या तंत्रज्ञाला किंवा अभियंत्याला अभय हवे. ॲपलगेट यांचे टिपण नियामकापर्यंत पोहोचले असते, तर १९७४ चा मार्च वेगळा गेला असता.

आणि आपण प्रवाशांनी? 'तांत्रिक कारणामुळे उड्डाणास विलंब' अशी घोषणा झाली की काउंटरवर आवाज चढतो. मीही चढवला आहे. पण कोठेतरी एका तंत्रज्ञाने एक झाकण उघडून आत पाहिले, त्याला काहीतरी पटले नाही आणि त्याने सही करायला नकार दिला, असा त्या घोषणेचा अर्थ असू शकतो. त्या माणसावर घाईचे ओझे टाकणाऱ्यांत आपला आवाज नसावा. आपला आवाज चढायचाच असेल, तर तो दुसऱ्या प्रश्नासाठी चढावा: धोका माहीत असताना सूचना सल्ल्यावरच का थांबली?