केशवाहिनीचे गणित

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की घरोघरी एक सल्ला ऐकू येतो : “गणित जमत नाही ना, मग जीवशास्त्र घे.” मुलेही तो आनंदाने शिरोधार्य मानतात. सल्ला मायेपोटी दिलेला असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु सजीव देहाला गणित लागत नाही, ही त्यामागील समजूत साफ खोटी आहे, असे माझे मत आहे.

रक्ताचेच उदाहरण घ्या. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला, त्यात साध्या हिशेबाचा वाटा फार मोठा होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासातील बेरीज सबंध शरीरातील रक्ताहून अधिक भरते. तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे! रोहिणीतून ते नीलेत कसे जाते, हे मात्र हार्वेला दिसले नाही. तो 1657 साली वारला. 1661 मध्ये माल्पीगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या. डोळ्यांच्या आधी हिशेब तेथे पोहोचला होता.

मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील पाच ते दहा भाग एवढीच केशवाहिनीची रुंदी. तांबडी रक्तपेशी सात-आठ भागांची. पुष्कळदा तिला अंग चोरून, एकामागून एक अशा रांगेने जावे लागते. येथून प्राणवायू भोवतालच्या पेशींत झिरपतो. कोठवर? आमच्या कुळागरांत पाटाचे पाणी पाहिलेल्या मुलांना हा प्रश्न चटकन कळेल. पाटालगतची माती आधी भिजते, लांबची मागाहून. आणि पाटाच्या शेवटाकडील, त्यातही लांबच्या झाडाच्या वाट्याला सर्वांत कमी पाणी येते.

कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग या प्राणिशास्त्रज्ञाने स्नायूंविषयी हाच प्रश्न घेतला. त्याला गणिती साहाय्य मिळाले ते एर्लांग या गृहस्थाचे, आणि हा एर्लांग होता टेलिफोन कंपनीत! किती तारा ठेवल्या म्हणजे बोलणाऱ्यांचा खोळंबा होणार नाही, याचे गणित तो मांडीत असे. प्रत्येक केशवाहिनी आपल्याभोवतीचा एक दंडगोल पोसते, असे कल्पून दोघांनी समीकरण सिद्ध केले. ते 1919 साली प्रसिद्ध झाले. दंडगोलाची त्रिज्या दुप्पट केली, तर कडेच्या पेशीपर्यंत प्राणवायू पोचविण्यास लागणारा दाबातील फरक चौपटीहूनही अधिक होतो, असे ते सांगते. म्हणजे श्रम करणाऱ्या स्नायूला केशवाहिन्या दाट हव्यात. नीलेकडील टोकाच्या अगदी बाहेरच्या जागेला शास्त्रज्ञ ‘घातक कोपरा’ म्हणतात. तुटवडा पडला, की पहिली उपासमार तेथे होते. केशवाहिन्यांचे नियमन कसे होते, या शोधाबद्दल क्रोगला 1920 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मी कलाशाखेचा पदवीधर. ते समीकरण सिद्ध करणे माझ्या आवाक्यातले नव्हे. पण त्यातील युक्ती मला मोहविते. खऱ्या केशवाहिन्या सरळ नसतात, त्यांची जाळी असते. शिवाय केशवाहिनीपर्यंत येण्याआधीच, बारीक रोहिण्यांतूनही प्राणवायू निसटतो, हे 1970 साली मोजमापाने दिसून आले. तरी जुना दंडगोल कोणी फेकून दिला नाही. तो नेमका कोठे चुकतो हे आकड्यांत सांगता येते, म्हणून तर त्याला सुधारता आले.

रोग्याच्या उशाशी बसून डॉक्टर समीकरणे सोडवीत नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु ज्याला ती वाचताच येत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या निष्कर्षांवर विसंबून राहावे लागते. उलट बाजूही आहेच : जीवशास्त्र म्हणजे नुसती घोकंपट्टी, असे मानणारे हुशार गणिती आपल्या वर्गांत थोडे नाहीत.

माझे मागणे माफक आहे. नववी-दहावीच्या वर्गात वर्षातून चार तास तरी गणिताच्या आणि शास्त्राच्या शिक्षकांनी एकत्र फळ्यापुढे उभे राहावे आणि एकच प्रश्न दोघांनी मिळून सोडवावा. पालकांनी एवढेच करावे : गणित सोडायचे की नाही, हा निर्णय निकालाच्या आठवड्यात, गुणपत्रिका हातात धरून घेऊ नये.