दिनविशेषात रायपूरही येऊ द्या

रायपूरच्या मराठी आईबाबांना आणि आजीआजोबांना एक कळकळीची विनंती आहे. घरात एक छोटा फळा टांगा आणि रोजचा दिनविशेष मुलांनाच लिहू द्या. मोबाइलवर आलेली यादी वाचून दाखवली, तर पोरं ऐकतात आणि विसरतात. शिवाय त्या यादीत आपलं शहर क्वचितच सापडतं.

१० डिसेंबर घ्या. १९०१ साली याच तारखेला पहिली नोबेल पारितोषिकं दिली गेली. हे मुलांनी जरूर लिहावं. पण त्याखाली आणखी एक ओळ हवी : १८५७ साली याच दिवशी सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना इंग्रजांनी रायपुरात फाशी दिली. आदल्या वर्षीच्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याचं कोठार उघडून धान्य उपाशी रयतेला वाटलं होतं. फाशी झाली ती जागा म्हणजे आजचा जयस्तंभ चौक, असं इथे सांगतात. त्या चौकातून मुलं रोज जातात. त्या दिवशी तिथे जरा थांबून त्यांना हे सांगा. “म्हणजे त्यांनी चोरी केली का?” असं एखादं मूल विचारीलच. उत्तराची घाई करू नका. उपाशी माणसाचा हक्क कुठवर, हा प्रश्न त्याच्या डोक्यात चार दिवस राहिला तरी चालेल.

१९ जूनला माधवराव सप्रे यांचा जन्मदिन (१८७१). मराठी घरातला हा माणूस. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक त्यांनी सुरू केलं, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना ते जवळचे वाटतील.

आणि गंमतीचे दिवस तर हवेतच! आपली दिव्याची अवस असते, त्याच दिवशी इथे हरेली असते. सकाळी मुलांकडून समया घासून घ्या आणि मग त्यांना बांबूच्या गेडीवर चढू द्या. पडतील, खरचटेल, पुन्हा चढतील. पोळ्याला मातीचे बैल दोन्हीकडे आहेतच.

पौष पौर्णिमेला छेरछेरा मागायला पोरं दाराशी येतात. त्यांच्या झोळीत धान आपल्या मुलाच्या हातानं घाला आणि त्यालाही एक पिशवी देऊन त्यांच्याबरोबर पाठवा.