लंडनची वही



माझा धाकटा भाऊ चार वर्षांपासून लंडनमध्ये नोकरी करतो. रोज रात्री जेवणं आटोपली की त्याचा व्हिडिओ कॉल येतो. या चार वर्षांत अम्मीने फोनमध्ये एकच भिंत पाहिली आहे. पिवळट रंगाची, वर एक कॅलेंडर. मागच्या रमजानमध्ये ती एकदम म्हणाली, "या भिंतीच्या समोर काय आहे गं?" भावाने फोन फिरवून खिडकी दाखवली, पलंग दाखवला. अम्मीचं समाधान झालं नाही. शेवटी तोच म्हणाला, "अम्मी, तुम्हीच या की बघायला."

तेव्हापासून आमच्या घरात एक दोनशे पानी वही सुरू झाली आहे. आमच्या खानदानातून कमवायला आखातात गेलेले पुष्कळ आहेत, हजला गेलेलेही आहेत. पण युरोपातली एखादी राजधानी बघायला, आपल्या माणसाला भेटायला म्हणून कोणीच गेलेलं नाही. विचारायचं कोणाला? मी विचारत, वाचत, चुकत शिकले. मुलं-भावंडं परदेशी असलेली घरं आता आपल्याकडेही वाढली आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून त्या वहीतली काही पानं आज तुमच्यासमोर ठेवते.

पहिलं पान पैशाचं. अब्बांच्या माघारी अम्मीने पेन्शनमधून थोडे थोडे करून उमऱ्याचे पैसे साठवले आहेत. मी आणि भावाने सुचवलं की आत्ता त्यातून तिकीट काढू, उमऱ्याचे नंतर भरून देऊ. अम्मी काही बोलली नाही, फक्त जेवता जेवता उठली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका बाईने तिला ऐकवलं, "काबा पाहिला नाही आणि लंडन पाहायला निघाल्या." ते तिला लागलं. मला आधी राग आला, मग वाटलं, चूक आमचीच. तिच्या नियतीच्या पैशाकडे आम्ही नुसते पैसे म्हणून पाहिलं. त्या दिवशी वहीत लिहिलं: उमऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही. माझी भिशी आणि भावाची बचत एवढ्यात जेवढं होईल तेवढंच. हिशेब केला तर तीनच तिकिटं बसली. अम्मी, मी आणि आठवीतली मुलगी. मुलाचं दहावीचं वर्ष आहे, म्हणून मुलांचे अब्बू त्याच्याजवळ थांबणार.

दुसरं पान तारखांचं. शिक्षकाला सुट्ट्या दोनच, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. मे महिन्यात लंडनला रात्री साडेआठ-नऊपर्यंत उजेड असतो, हवा बरी असते. फिरायला तोच काळ चांगला. पण सध्या हज उन्हाळ्याच्या सुट्टीतच येतो आणि त्या हंगामात मक्केत उमऱ्यासाठी जाता येत नाही. इथेच आम्हाला वाट सापडली. ब्रिटनचा व्हिसा घेऊन एकदा ब्रिटनमध्ये जाऊन आलेल्या माणसाला, तो व्हिसा चालू असेपर्यंत, सौदी अरेबियाचा पर्यटक व्हिसा मिळण्याची सोय आहे. हजचा हंगाम सोडला तर त्यावर उमरा करता येतो. म्हणजे मुंबई ते लंडन, लंडन ते जेद्दा आणि जेद्दा ते मुंबई असं तिकीट घेतलं, तर येताना उमरा होतो. तिकीट लंडनचं आमच्या पैशातून, मक्का-मदिनेचा खर्च अम्मीच्या पैशातून. अम्मीला सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "पक्कं ना?" हे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी सौदीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा. मदिनेत रियाजुल जन्नाची वेळ नुसुक ॲपवर घ्यावी लागते, तेही आधी शिकून ठेवा.

म्हणून दिवाळीची सुट्टी ठरली, तिला जोडून थोडी रजा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत नोकरी असेल तर परदेशी जाण्याची परवानगी लेखी घ्यावी लागते. तो अर्ज सगळ्यात आधी द्या.

तिसरं पान कागदपत्रांचं. खरी कसोटी इथे लागली. अम्मीच्या आधारवर नावापुढे 'बी', मतदान कार्डावर 'बेगम', बँकेच्या पासबुकात नुसतं पहिलं नाव. 'शेख' एका ठिकाणी पुढे, एका ठिकाणी मागे. आपल्या घरोघरी हीच गत आहे. शाळेत मुलांचे दाखले भरताना मी रोज बघते. जन्मभर याने काही अडलं नाही, पण पासपोर्टला अडतं. आम्ही आधी आधार दुरुस्त केलं, मग त्याच्याशी जुळवून बँकेचं नाव, आणि शेवटी पासपोर्टचा अर्ज. यात चार महिने गेले. कुठेही जायचं नसलं तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं या वर्षी एकसारखी करून ठेवा, एवढं माझं ऐका.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्स, जर्मनी वगैरे देशांचा शेंगेन व्हिसा वेगळा. एकावर दुसरीकडे जाता येत नाही. भेटीच्या व्हिसावर जास्तीत जास्त 6 महिने राहता येतं. प्रवासाच्या 3 महिने आधीपासून अर्ज करता येतो, निकाल साधारण 3 आठवड्यांत लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रत्येकाचा स्वतंत्र, लहान मुलाचासुद्धा. नंतर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला मुंबईला किंवा पुण्याला जायचं. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. म्हणून हातात व्हिसा येईपर्यंत तिकीट काढू नका.

त्यांना दोनच गोष्टी पाहायच्या असतात: खर्च कोण करणार आणि तुम्ही परत येणार का. भावाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराच्या पावत्या, राहण्याचा पत्ता, माझं नोकरीचं पत्र आणि रजा मंजुरी, बँकेचं 6 महिन्यांचं विवरण. मराठी-उर्दू कागदाला इंग्रजी भाषांतर जोडायचं. आमचा सातबारा असाच भाषांतरासह लावणार आहोत. माझी भिशी लागली तेव्हा खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली. अशा रकमेवर शंका येते. म्हणून ती कुठून आली हे सांगणारं साधं पत्र जोडते आहे. एका एजंटने सुचवलं होतं की दोन महिने कोणाचे तरी पैसे खात्यात फिरवा. आम्ही उठून आलो. खोटं ठरलं तर 10 वर्षं ब्रिटनचा दरवाजा बंद होऊ शकतो, आणि भावाच्या नोकरीवर डाग येईल तो वेगळाच.

आता चौथं पान, जे सगळ्यांना आवडतं. काय बघायचं? मुलीने मोबाइलवरून 31 ठिकाणं उतरवून काढली. आमच्या हाती लंडनचे दिवस 10, त्यातही अम्मीला जास्त चालवत नाही. शिवाय नोव्हेंबरमध्ये तिथे दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मग मी नियम केला: घरातल्या प्रत्येकाने एकच जागा मागायची. जे घरी थांबणार आहेत त्यांनीही.

मुलीने आंबेडकर हाऊस मागितलं. उत्तर लंडनमध्ये 10, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. मुलगी म्हणाली, "त्यांच्या टेबलाजवळ उभं राहायचंय." बरं वाटलं.

मुलाने लॉर्ड्स मागितलं, 25 जून 1983 ला कपिल देवच्या संघाने विश्वचषक उचलला ते मैदान. तो येणार नाही, पण बाहेरून फोटो हवा म्हणतो.

त्यांच्या अब्बूंनी मागितलेली जागा कोणत्याही सहलीच्या यादीत नसते. लंडनच्या नैऋत्येला वोकिंग नावाचं गाव आहे. वॉटर्लू स्टेशनवरून अर्ध्या तासाची रेल्वे. तिथली शाहजहाँ मशीद 1889 मध्ये बांधली गेली, ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच उभारलेली पहिली इमारत. तिच्यासाठी पैसा दिला भोपाळच्या नवाब शाहजहाँ बेगम यांनी. पुढचंच स्टेशन ब्रुकवुड. तिथल्या मोठ्या कब्रस्तानात मार्माड्यूक पिकथॉल यांची कबर आहे. 1930 मध्ये त्यांचा कुरआनचा इंग्रजी अनुवाद आला, तेव्हा ते निजामाच्या नोकरीत होते. त्याआधी हैदराबादच्या चादरघाट शाळेचे ते मुख्याध्यापक होते. आपला जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे ते आपल्या राज्यातले शिक्षक! त्याच कब्रस्तानात अब्दुल्ला यूसुफ अली आहेत, 1872 मध्ये मुंबईत जन्मलेले. त्यांचा इंग्रजी अनुवाद जगभर घराघरांत आहे, पण 1953 मध्ये लंडनमध्ये ते निराधार, एकटे गेले. हे वाचून दाखवल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथे नक्की जाऊ." मुलांचे अब्बू म्हणाले, "माझ्या वतीने दुआ करून या."

मी ग्रीनिच मागितलं. दरवर्षी फळ्यावर मी 0 अंश रेखावृत्त काढते. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्वेची, एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 330 मिनिटं, साडेपाच तास. ती रेघ तिथल्या वेधशाळेच्या अंगणात खरोखर आखलेली आहे. तिच्यावर पाय ठेवून फोटो काढीन आणि वर्गात दाखवीन.

अम्मीला विचारलं, तर ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "मेरेकु म्युझियम नको. मेरेकु उसका बावर्चीखाना बताओ." पोरगा काय शिजवतो, कशात शिजवतो, पीठ कुठे ठेवतो, तिला ते बघायचं आहे. मी ते वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिलं. म्हणून पोचल्यावर पहिले दोन दिवस कुठेच जायचं नाही. भावाचं घर एका खोलीचं आहे. आम्ही असेपर्यंत तो झोपायला मित्राकडे जाणार आहे.

उरलेल्या वेळात फुकट बघता येतील अशा जागा आहेत. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे, तिथेही तिकीट नाही. ब्रिटिश लायब्ररीत सुलतान बायबर्सचा सोनेरी शाईने लिहिलेला 7 खंडांचा कुरआन आहे, 1304 ते 1306 च्या दरम्यान कैरोत लिहिलेला. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, त्याचं तिकीट महाग. तो आम्ही सोडला.

शेवटी काही बारीक गोष्टी, घरच्यांसाठी. दूध, तूप, खवा, मांस यातलं काहीही इथून ब्रिटनमध्ये नेता येत नाही. अम्मीने भावासाठी सुकं गोश्त आणि घरचं तूप काढून ठेवलं होतं. ते राहिलं. मसाला आणि पापड जातील. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. भुयारी रेल्वे 1863 पासूनची, जगातली पहिली. तिच्या बऱ्याच स्टेशनांत नुसत्या पायऱ्याच आहेत. पण विमानतळावरून व्हाइटचॅपलकडे जाणाऱ्या एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांत लिफ्ट किंवा उताराची सोय आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाताना हे माहीत हवं. परदेशी पाहुण्याला तिथल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बिल मोठं येतं. म्हणून प्रवास विमा काढा आणि त्यात शुगर-बीपी लपवू नका. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

नमाजचं वेळापत्रक आधीच छापून घ्या. नोव्हेंबरमध्ये जोहरपासून इशापर्यंत सगळं सहा तासांच्या आसपास आटोपतं, म्हणून बाहेर निघताना जवळची मशीद पाहून ठेवा. व्हाइटचॅपलला ईस्ट लंडन मशीद आहे, रीजंट्स पार्कला सोनेरी घुमटाची सेंट्रल मशीद. 15 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर हनफी मतानुसार कसर आहे. आणि एक गोष्ट: आपण जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलो. तिथे किब्ला आग्नेयेला येतो. हे मी अम्मीला नकाशावर दाखवलं. तिने बोट ठेवून जालना पाहिलं, मक्का पाहिलं, लंडन पाहिलं. म्हणाली, "म्हणजे तो तिकडून आणि मी इकडून, एकाच जागेकडे तोंड करून असतो."

व्हिसाचा अर्ज पुढच्या महिन्यात भरायचा आहे. मिळेल की नाही, अल्लाह जाणे. नाकारला गेला, तर अम्मीचा उमरा तरी ठरलेला आहे. मग इथूनच जाऊ. तोवर ती रोज वही मागते आणि पहिल्या क्रमांकाची ओळ आहे ना, ते बघते. दुआ करा. आणि तुमच्यापैकी कोणी म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन असा प्रवास केला असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहा. वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत.