डब्याचे तोंड, आरशाची टिकली आणि नाचणारा उजेड

पेनाएवढा लेझर आता कोणत्याही जत्रेत, खेळण्यांच्या गाड्यावर मिळतो. मूल हट्ट धरते, बाप खिशात हात घालतो आणि रात्री गल्लीत हिरवा ठिपका फिरू लागतो. मांजर त्याच्यामागे धावते, पोरे हसतात. मग तो ठिपका कुणाच्या तरी तोंडावर जातो आणि भांडण होते. पुष्कळ आया तो लेझर काढून घेतात आणि कपाटावर ठेवून देतात. ते बरोबरच आहे. पण माता-भगिनींनो, आमचे म्हणणे असे की तेवढ्यावर थांबू नका. जयंतीच्या मिरवणुकीत गाण्याच्या ठेक्यावर उजेड नाचताना मुले बघतात, ती गंमत घरात करता येते. तिला लेझर लागतोच असे नाही. लागतो तो आरशाचा नखाएवढा तुकडा.

पत्र्याचा रिकामा डबा घ्या, दूधपावडरचा असेल तर उत्तम. त्याचे झाकण आणि बूड दोन्ही मोठ्या माणसाने कापून काढावे व कडा ठोकून बोथट कराव्यात. एका तोंडावर फुगा कापून ताणून बसवा, वर रबर घाला. पापडासारखा ताठ हवा, सुरकुती नको. आता आरसा. बंजारा भगिनी घागऱ्याला आणि ओढणीला लावतात ती आरशाची टिकली सपाट बघून आणा. काच कापायची भानगड राहत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या तुकड्याने ती फुग्यावर बसवा, पण अगदी मधोमध नको, कडेकडे सरकवून. फुग्याचा मधला भाग आवाजाने नुसता पुढे-मागे होतो. कडेजवळचा भाग तिरपा होतो, आणि आरसा तिरपा झाला तरच उजेड हलतो.

सकाळचे ऊन खिडकीतून आत येते तिथे डबा स्टुलावर आडवा ठेवा, दोन्ही बाजूंना विटा लावा. टिकलीवर ऊन पडले की समोरच्या सावलीतल्या भिंतीवर उजेडाचा गोळा उमटेल. टिकली चौकोनी असली तरी लांबच्या भिंतीवर गोळा गोलच येतो, कारण ते सूर्याचेच चित्र असते. हे मुलांना आधी ओळखायला सांगा. मग डब्याच्या उघड्या तोंडाशी मोठ्याने ‘आ’ म्हणायला लावा. गोळा थरथरून लांबट होईल. रेडिओचा स्पीकर तोंडाशी धरला तर ढोलकीच्या थापेसरशी उडी मारेल. सूर्य सरकतो तसा गोळाही सरकतो, म्हणून डबा अधूनमधून नीट करावा लागतो.

एवढ्याशा हालचालीने एवढा मोठा नाच कसा होतो? आरसा एक अंश कलला की त्यावरून परतणारा किरण दोन अंश वळतो. भिंत दहा फुटांवर असेल तर तेवढ्याने उजेड चार इंच सरकतो. भिंत दूर नेली की नाच आणखी मोठा. अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत पाहुण्यांना चित्रे दिसावीत म्हणून दाराशी आरसे आणि पांढरे पडदे धरून ऊन आत टाकीत असत. वळवण्याची युक्ती तीच, फक्त आपला आरसा आवाज हलवतो.

ही निव्वळ पोरखेळाची गोष्ट आहे असे समजू नका. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने 1880 साली वॉशिंग्टनमध्ये हेच केले होते. बोलण्याने थरथरणारा पातळ आरसा, त्यावर ऊन, आणि समोर उजेडाचा चढउतार ओळखणारा सेलेनियमचा तुकडा. तारेवाचून त्याने 213 मीटर अंतरावर माणसाचे बोलणे पोचवले. स्वतः बेल या यंत्राला टेलिफोनपेक्षा मोठे समजत असे. त्याच्याही आधी, 1857 च्या सुमारास, लिसाजू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कंप पावणाऱ्या काट्यांना आरसे लावून भिंतीवर आवाजाच्या आकृत्या काढल्या होत्या. विहारात किंवा शेजारी बाजाची पेटी असेल तर तुम्हीही त्या काढू शकता. एकच पट्टी दाबून सूर धरून ठेवा. गोळ्याचे लांबट कडे होईल आणि सूर टिकेल तोवर टिकेल. गाणे लावले की त्याच कड्याचा गुंता होतो. आमच्या मते सगळ्यात मोठी मजा या पेटीतच आहे, गाण्यात नाही. गाण्यात उजेड उड्या मारतो, पेटीत सूर डोळ्यांना दिसतो.

आता लेझर. थिओडोर मायमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पहिला लेझर 1960 साली पेटवला. त्याचा किरण पसरत नाही, म्हणून भिंतीवर रेघ बारीक आणि ठसठशीत उमटते, आणि हौशी मंडळी टिकलीवर ऊन न पाडता लेझर पाडतात. पण जो गुण तोच धोका. घरातला बल्ब पाच-दहा वॅटचा असतो, पण त्याचा उजेड चहूकडे विखुरतो. लेझर वॅटच्या हजाराव्या भागाचा असला तरी डोळ्यातले भिंग तो सगळा सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करते. तिथला पडदा जळला की तो बदलून मिळत नाही. एक मिलिवॅटपर्यंतच्या लाल लेझरपासून पापणीची उघडझाप सहसा वाचवते. पुढे ती पुरी पडत नाही. डबीवरच्या आकड्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या सरकारी मापनसंस्थेने 2013 साली 122 लेझर पेनांच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. हिरव्यांपैकी सुमारे नव्वद टक्के आणि लालपैकी 44 टक्के कायद्याच्या मर्यादेबाहेर निघाले. म्हणून हिरवा घरी आणूच नये.

लाल वापरायचाच असेल तर तो हातात धरू नका. डबा आणि लेझर एकाच फळीवर शाडूच्या मातीने घट्ट बसवा आणि किरण डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवा. फळी आणि भिंत यांच्यामध्ये कुणी येऊ नये. ज्या भिंतीवर नाच पाडायचा तिथल्या काचेच्या तसबिरी उतरवा. आपल्या घरांत समोरच्या भिंतीवर बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर हमखास असते, आणि तिची काच किरण जसाच्या तसा खोलीत परत फेकते. दुसरी भिंत घ्यावी किंवा जुनी पांढरी चादर टांगावी. उन्हाच्या प्रयोगातही टिकलीत डोकावून बघायचे नाही, हे मुलांना बजावून सांगा.

मिरवणुकीतल्या लेझरविषयी दोन शब्द. 2023 च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे तरुण मुले दृष्टी गेल्याच्या तक्रारी घेऊन आली. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. डीजेची पोरे शार्पी आणि लेझर एकाच नावाने बोलतात, पण शार्पी हा मोठा दिवा, लेझर वेगळा. आपल्याकडे 14 एप्रिलला क्रांती चौकापासून भडकल गेटपर्यंत बापाच्या खांद्यावर बसलेली मुले असतात. त्यांचे डोळे नेमके झोताच्या उंचीवर येतात. झोत आभाळाकडे वळवणे हाही उपाय नव्हे, चिकलठाण्याला विमाने उतरतात. गाडीच्या मागे पांढरा पडदा ताणून नाच त्यावरच पाडावा, असे आम्ही मंडळांच्या पोरांना सुचवतो.

आणि घरच्या डब्याचे सांगायचे राहिले. फुगा दोन-तीन दिवसांत सैल पडतो आणि उजेड मंदावतो. तेव्हा टिकली अलगद सोडवून नव्या फुग्यावर लावा आणि पेटीची तीच पट्टी पुन्हा दाबून बघा. फुगा जास्त ताणला असेल तर कड्याचा आकार बदललेला दिसेल.