मुलांच्या शंका : बेडूक पुसला तर?

परवां आमच्या तिसरींतील नातवानें शाळेसाठीं अन्नसाखळीचें चित्र काढिलें : भाताचें रोप, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. बाण मात्र सारे उलटे. गरुडाकडून सापाकडे, सापाकडून बेडकाकडे. ‘गरुडच सापाला खातो ना?’ हें त्याचें समर्थन. चूक त्याची नव्हे. बाण भक्षकाचा नेम दाखवीत नसून अन्न कोठून कोठें गेलें तें दाखवितो, हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. (शिक्षकबंधूंनीं रागावूं नये.) सांगतांच त्यानें बाण आपणहून फिरविले.

मग म्हणतो, ‘बेडूक बिचारा मरतो. त्याला पुसून टाकूं?’ त्याची आई त्यास गप्प करूं लागली. शाकाहारी घरांत हा मारामारीचा विषय जेवणाच्या वेळीं नको, असें तिचें म्हणणें. आम्हांस तें पटलें नाहीं. आम्हीं रबर त्याच्या हातीं दिलें. बेडूक गेला. आतां साप काय खाईल? नाकतोड्यांस आवर कोण घालील? आणि भाताचें काय? तो विचारांत पडला. तेव्हां आम्हीं सांगितलें कीं, युरोप-अमेरिकेंतील जेवणासाठीं आपल्या देशांतून बेडकांच्या तंगड्या जात असत. बेडूक घटले तर शेतांत कीड माजेल, या भीतीनेंही १९८७ सालीं सरकारनें ती निर्यात बंद केली.

बेडूक पुन्हां काढला गेला. ‘आणि आपण कोठें?’ हा प्रश्न त्यानें आईस विचारिला. तिनें उत्तर देण्यापूर्वींच त्यानें नाकतोड्याशेजारीं मांडी घालून बसलेला एक मुलगा काढिला, दोघांपुढेंही भात.