‘रिपोर्ट नॉर्मल’, आणि दुखणे तसेच

सांगली जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांनी नाव-पत्ता लिहिलेला नाही, म्हणून उत्तर इथेच देते. वय ३८, दोन मुली, घरी शिवणकाम करतात. साडेतीन वर्षांपासून उजव्या बाजूला ‘कंबरेच्या खाली’ दुखते. चार डॉक्टर झाले. एक्स-रे दोनदा काढला, दोन्ही वेळा ‘नॉर्मल’. गोळ्या चालू असेपर्यंत बरे वाटते, बंद केल्या की पुन्हा तेच. घरात आता कोणी विचारत नाही. सासूबाई तर मुलींसमोरच म्हणतात की पाहुणे यायचे असले की हिचे दुखणे बरोबर उठते. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘‘आपा, मला खरेच दुखते की मला नुसते तसे वाटते, हेच आता कळेनासे झाले आहे.’’

खरेच दुखते. बाकीचे नंतर, हे आधी. एक्स-रे नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी, त्या जागेच्या त्या फोटोत हाडाचा दोष दिसला नाही. एक्स-रेत हाड दिसते. स्नायू, स्नायूंच्या दोऱ्या, सांध्याभोवतीची कूर्चा यांतले बहुतेक बिघाड त्यात दिसत नाहीत. आणि फोटो कुठला काढला होता, हेही पाहायला हवे. या भगिनींनी रिपोर्टची झेरॉक्स पाठवली आहे. दोन्ही फोटो कंबरेच्या मणक्यांचे आहेत. खुब्याचा फोटो साडेतीन वर्षांत एकदाही निघालेला नाही.

यात नवल काही नाही. ‘खुबा’ हा शब्द मराठीत आहे, पण तो पुस्तकातच राहतो. घरात आपण छातीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर जे काही दुखते, त्या सगळ्याला कंबर म्हणतो. दवाखान्यात ‘कंबर दुखते’ म्हटले की डॉक्टर मणक्याकडे वळतात. खुब्याचा सांधा कंबरेत नसतो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीत बसतो, तो हा सांधा, आणि तो खोलवर, पुढच्या बाजूने पाहिले तर जांघेच्या मागे असतो. म्हणून खुद्द सांधा बिघडला की दुखते ते बहुधा जांघेत. कधी ते दुखणे मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते आणि बिचाऱ्या गुडघ्याचे फोटो निघत राहतात. बाहेरच्या बाजूला, जिथे हात ठेवला की हाडाचा उंचवटा लागतो, तिथे दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर सांधा ठीक असून त्यावरच्या स्नायूंच्या दोऱ्या दुखावलेल्या असू शकतात. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत हे फार आढळते. मागे कुल्ह्यात दुखत असेल तर मणका किंवा कंबर आणि ओटीपोटाच्या हाडांमधला सांधा तपासावा लागतो. तीन जागा, तीन वेगळ्या वाटा. डॉक्टरांना पहिली खूण मिळते ती आपल्या तोंडून.

आणि इथेच अडते. ‘जांघेत दुखते’ हे वाक्य परक्या पुरुषासमोर म्हणायला आपल्या घरांतल्या बायकांची जीभ रेटत नाही. सोबत दीर किंवा सासरे आले असतील तर नाहीच. मग ‘कंबर’ म्हणून मोकळे होतात. हया ही ईमानची शाखा आहे हे खरेच आहे, पण दुखणे लपवणे म्हणजे हया नव्हे. हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती याच कारणासाठी, की दीन समजून घेताना त्यांनी लाजेला आड येऊ दिले नाही. नहाणे, पाळी, शरीराचे सगळे प्रश्न त्यांनी विचारले, म्हणून तर ते मसले आज आपल्याला ठाऊक आहेत. बाई डॉक्टर मिळाल्या तर उत्तमच. नाही मिळाल्या तर गरजेपुरते तपासून घेण्याची मुभा शरीअतने दिली आहे. सोबत आई, बहीण किंवा नणंद असावी, अंगावर चादर मागून घ्यावी. सैल सलवार घालून गेले तर खुब्याची बरीचशी तपासणी कपड्यांवरूनच होते. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर एक माणूस काढून त्यावर फुली मारून न्या. हसू नका, मी नेली आहे.

हा विषय मला परका नाही, म्हणून इतके लिहिते आहे. माझा उजवा खुबा पाच वर्षांपासून दुखतो. पहिल्या दोन ठिकाणी मी जागा दाखवली, तरी तपासणीच्या टेबलावर झोपायला कोणी सांगितले नाही. एका ठिकाणी मी खुर्चीवर नीट टेकायच्या आत चिठ्ठी लिहून झाली होती. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी खोलीत चालून दाखवायला सांगितले. मग झोपवून गुडघा पोटाकडे दुमडला आणि हलकेच आत वळवला. जांघेत अशी कळ आली की मी ओरडले, आणि ओरडता ओरडता मला बरे वाटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझे दुखणे बाहेरून गाठले होते.

त्यांनीच मला वही ठेवायला सांगितली. दुखणे दिवसात केव्हा वाढते, कशाने कमी होते, हे दोन आठवडे लिहून आणा म्हणाल्या. घड्याळ पाहून लिहिणे मला काही जमेना. मग लक्षात आले, की आपल्याकडे तर दिवसाचे पाच भाग आधीच आखलेले आहेत आणि प्रत्येक भागात सांध्याची परीक्षाही होते. वहीत पाच रकाने केले. फजरला किती आखडले होते आणि मोकळे व्हायला किती वेळ लागला. जोहरला रुकूत दुखले की सजद्यातून उठताना. असर, मगरिब, आणि दिवसभराच्या कामानंतर इशाला कियामात उभे राहवले का.

आम्ही कोकणी शाफई. शेवटच्या कअदामध्ये डाव्या कुल्ह्यावर बसून डावा पाय उजवीकडे काढतो. हनफी घरांतल्या बायका दोन्ही पाय उजवीकडे काढून बसतात. दोन्ही पद्धतींत उजवी मांडी आत वळते. टेबलावर बाईंनी नेमकी तीच हालचाल केली होती. ‘अत्तहियातला बसले की जांघेत कळ येते’ हे वाक्य वैद्यकीय दृष्टीने किती मोलाचे आहे, हे मला तेव्हा कळले. वही वाचून बाई म्हणाल्या, ‘‘अशी हिस्ट्री मला रोज मिळाली तर माझे निम्मे काम होईल.’’ त्या मुसलमान नाहीत. मग रकू, सजदा, कअदा म्हणजे काय ते त्यांनी माझ्याकडून समजून घेतले.

त्या वहीतून काय काय निघू शकते, ते सांगते. फजरला अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले, पहाटे दुखण्याने जाग येते, आणि चालल्या-फिरल्यावर मोकळे होते, असे असेल आणि हे चाळीस-पंचेचाळिशीच्या आत सुरू झाले असेल, तर तो मणक्याचा आणि त्याच्या खालच्या सांध्यांचा संधिवात असू शकतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस त्याच जातीचा. बायकांत तो उशिरा ओळखला जातो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा. एचएलए-बी२७ नावाची रक्ततपासणी करतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असे नाही, निगेटिव्ह आली म्हणजे नाहीच असेही नाही. उलट सकाळी बरे आणि काम करून इशापर्यंत वाढत जाणारे दुखणे असेल, तर ते सांध्याच्या झिजेचे किंवा घासण्याचे असण्याचा संभव जास्त.

एका आजाराविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी पडला की तिथले हाड मरू लागते. त्याला एव्हीएन म्हणतात. जास्त मात्रेत स्टेरॉइड घेणे, दारू, खुब्याला मोठा मार, सिकलसेल ही त्याची ठाऊक असलेली कारणे. कोविडमध्ये स्टेरॉइड दिलेल्या काही रुग्णांत हा आजार मुंबईच्या डॉक्टरांना २०२१ मध्ये दिसला. सुरुवातीला याचा एक्स-रे अगदी स्वच्छ असतो, एमआरआयमध्येच ते दिसते. लवकर कळले तर गोळा वाचवायचा प्रयत्न करता येतो. उशीर झाला की गोळा खचतो आणि सांधा बदलण्याची पाळी येते. म्हणून कधीही स्टेरॉइड घेतले असेल, दम्यासाठी असो, त्वचेसाठी असो की कोविडमध्ये, ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि गावोगाव सांधेदुखीवर ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत जादू करणाऱ्या, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच असते. हकीमसाहेब नेक असतील, पण पुडीवर नाव नसेल तर ती घरात आणू नका.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, रात्री कळांनी उठणे, लंगडणे, असे असेल तर क्षय तपासावा. हाडांचा क्षय मणक्याखालोखाल खुब्यात होतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार बरा होतो. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून हे झाकून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. सांधा गेल्यावर झाकायला काही उरत नाही.

ड जीवनसत्त्वाचे म्हणाल, तर ते फारच कमी पडले की हाडे मऊ होतात, मांड्या-खुबे जड वाटतात, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. डॉक्टर लगेच बुरख्याकडे बोट दाखवतात. बुरखा न घालणाऱ्या शेजारणींचे रिपोर्टही तसेच असतात. आपण सगळ्याच बंद घरात राहतो. अंगणात, गच्चीवर पडद्याची सोय करून हातापायांना ऊन देता येते. पण आधी रक्त तपासा. मनानेच इंजेक्शनांवर इंजेक्शने घेतल्यानेही अपाय होतो.

आता सासूबाईंचे. त्या वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांनी स्वतः दुखणे अंगावर काढून संसार केला असेल आणि त्यालाच त्या सब्र म्हणत असतील. पण सब्राचे नाव निघाले की आपण हजरत अय्यूब (अलै.) यांची आठवण काढतो, आणि त्यांच्या किश्शातला अर्धा भाग विसरतो. त्यांनी आपला त्रास आपल्या रबपुढे बोलून दाखवला होता. उत्तरात त्यांना जमिनीवर पाय मारायला सांगितले गेले, आणि जे पाणी निघाले त्याने नहायला व ते प्यायला. बोलणेही होते आणि इलाजही होता. नबी करीम (स.) यांनीही इलाज करायला सांगितले आहे. दुआ करा, दम करून घ्या, कोण नको म्हणतो? पण अपॉइंटमेंट चुकवू नका.

आणि तुमच्या घरच्या पुरुषांना हा लेख वाचायला द्या. दुखणाऱ्या खुब्याने नवरा-बायकोच्या नात्यावरही परिणाम होतो. ते टाळाटाळ वाटते, मग रुसवे होतात. याविषयी उघड बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून एवढेच लिहिते. दवाखान्यात शौहर सोबत असले आणि त्यांनी स्वतः सांगितले, ‘रात्री हिला कुशीवर वळता येत नाही’, तर डॉक्टरही वेगळ्या कानाने ऐकतात. तसे होऊ नये, पण होते.

माझ्या दुखण्याला पूर्ण नाव अजून मिळालेले नाही. एव्हीएन नाही, क्षय नाही, रक्तात सूज नाही. एमआरआयमध्ये वाटीच्या कडेची कूर्चा थोडी फाटलेली दिसली. मी हर्षाने विचारले, ‘‘मग हेच कारण?’’ बाई म्हणाल्या, ‘‘असेल. पण न दुखणाऱ्या माणसांच्या फोटोतही हे दिसते.’’ अशा डॉक्टरवर माझा विश्वास बसतो. ऑपरेशनची घाई नाही, फिजिओथेरपी चालू आहे. कुल्ह्याच्या स्नायूंचे व्यायाम कंटाळवाणे आहेत, पण तीन महिने नेमाने केल्यावर जिना उतरताना कठडा सुटला. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, घरात कमोड, दस्तरखान जमिनीवर असला तरी माझ्यासाठी एक बुटके स्टूल. नमाज बरीचशी उभ्याने, सजदा आणि कअदा जसे झेपेल तसे. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना त्यांना उभ्याने, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढायची सवलत मिळाली होती. खुर्चीचे तपशील आपापल्या आलिमांना विचारावेत. मशिदीत खुर्चीवर बसलेल्यांकडे पाहून भुवया उंचावणाऱ्यांना मात्र काही विचारू नये.

सांगलीच्या भगिनींनो, पुढच्या खेपेला एवढे करा. जुने दोन्ही एक्स-रे, सगळ्या चिठ्ठ्या आणि आजवर घेतलेल्या गोळ्यांची नावे एका पिशवीत घाला. दुखऱ्या जागेवर फुली मारलेला कागद आणि पंधरा दिवसांची पाच रकान्यांची वही सोबत ठेवा. हाडांच्या डॉक्टरांना सांगा, ‘‘मणक्याचे फोटो झाले आहेत, माझा खुबा तपासून पाहा.’’ आणि निघण्यापूर्वी विचारा, की या औषधाने दीड महिन्यात फरक पडला नाही तर पुढे काय करायचे. अचानक पाय टेकवेनासा झाला, ताप आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा. शिवणयंत्र पायाचे असेल तर मोटर बसवून घ्या, आणि तास-तासाला उठत जा. डॉक्टर काय म्हणाले, ते कळवा. या वेळी पाकिटावर पत्ता लिहा.